हरणाऱ्या क्लबाची माणसं

प्रश्न : ताई, मी 2011 ते 2013 इंग्लंडमध्ये पोर्ट्‌समथला शिकायला होतो. खोली तिथल्या क्लबाच्या मैदानाच्या, फ्रॅटन पार्कच्या जवळ होती, म्हणून मॅच बघायला जायला लागलो आणि कायमचा त्या क्लबाचा झालो. माझ्या त्या मुक्कामातच क्लब दोनदा खालच्या विभागात घसरला. आता हिंजवडीत नोकरी करतो. हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिथल्या दुपारी तीनला, घरातले जेवायला बसतात आणि मी कानात कॉमेंट्री लावून बसतो. 2024 मध्ये आम्ही चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, परत आलो, पण तिथेही धडपडच चालू आहे. ऑफिसातली मुलं लिव्हरपूलची, आर्सेनलची. ती विचारतात, ‘ह्यात तुला मिळतं काय?’ मला उत्तर देता येत नाही. ही निष्ठा आहे, की नुसती लागलेली सवय?
— एक वाचक, वाकड

उत्तर : तुम्ही 2012-13 चा हंगाम तिथे स्टँडात उभं राहून पाहिलात. मी तो पुण्यात बसून बातम्यांतून वाचला, आणि तेव्हापासून फुटबॉल क्लब म्हणजे नेमकं काय असं शाळेतल्या मुलांनी विचारलं की मी पोर्ट्‌समथबद्दलच सांगत आले. तुम्हाला हे सगळं पाठ असेल. पण बाकीच्या वाचकांसाठी मागचं सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

17 मे 2008 रोजी पोर्ट्‌समथने वेम्बलीवर कार्डिफ सिटीला 1-0 हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची सर्वांत जुनी स्पर्धा, जिंकली. गोल कानूचा, कप्तान सोल कॅम्पबेल, मॅनेजर हॅरी रेडनॅप. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोनाल्डिन्यो असलेला एसी मिलानचा संघ फ्रॅटन पार्कवर आला आणि 2-2 अशी बरोबरी मान्य करून गेला. फ्रॅटन पार्क 1899 पासूनचं जुनं मैदान. तिथे वीसेक हजार माणसं मावतात. एवढ्या तिकिटांच्या पैशात तसल्या खेळाडूंचे पगार निघणं शक्य नव्हतं. सगळा डोलारा मालकाच्या खिशावर आणि उसन्या पैशांवर उभा होता. मालक बदलत गेले, पैसा आटला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या हाती जाणारा, सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला पोर्ट्‌समथ. नऊ गुण कापले गेले, संघ खाली गेला. त्याच मे महिन्यात तो पुन्हा एफए कपच्या फायनलमध्ये होता आणि चेल्सीकडून 1-0 हरला. दोन वर्षांनी पुन्हा प्रशासक, पुन्हा दहा गुण वजा.

त्या पहिल्या दिवाळखोरीच्या वेळी क्लबाची देणी कुणाकुणाची आहेत याची यादी जाहीर झाली होती. मोठमोठ्या आकड्यांच्या त्या यादीत एक नाव सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं होतं. सामन्याच्या दिवशी कुणाला चक्कर आली, कुणाच्या छातीत दुखलं, तर धावून जाणारी ही सेवाभावी संस्था. तिचे सुमारे 2,700 पौंड क्लबाने थकवले होते. फुटबॉलचा तिथला नियम असा, की क्लब बुडाला तर खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं आधी पुरतं फेडायचं. स्थानिक दुकानदार, छापखानेवाले, सरकारी कर यांच्या वाट्याला मग पौंडामागे थोडेच पेन्स. म्हणजे आठवड्याला हजारो पौंड घेणाऱ्या खेळाडूचे पूर्ण मिळणार आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांचे बुडणार. मला ही गोष्ट हरलेल्या कुठल्याही सामन्यापेक्षा जास्त लागली. पोर्ट्‌समथच्या लोकांनाही लागली. ज्या गावाच्या नावाने क्लब चालतो, त्याच गावातल्या माणसांना क्लबाने बुडवलं होतं.

ऑगस्ट 2012 मध्ये क्लब बंद पडू नये म्हणून मोठ्या पगाराच्या सगळ्या वरिष्ठ खेळाडूंना सोडावं लागलं. हंगामाचा पहिला सामना पोरसवदा संघ उतरवून खेळला गेला. मिळतील ते खेळाडू तात्पुरत्या करारावर आणले. त्या हंगामात वीसहून जास्त सामने ओळीने एकही विजय मिळाला नाही. तुम्ही त्यातले किती पाहिलेत हे तुम्हालाच ठाऊक. आणि नेमकं त्याच काळात लोक हजार-हजार पौंड काढून देत होते. समर्थकांच्या ट्रस्टने क्लब विकत घ्यायचं ठरवलं, शेअर हजार पौंडांचा. आपल्याकडचे तेव्हाचे ऐंशी हजारांच्या वर. ज्याला एकट्याला झेपत नव्हतं त्याने चौघांत मिळून एक घेतला. काही पैसेवाल्या स्थानिकांनी जास्तीची रक्कम घातली. मैदानावर आधीच्या मालकीतला बोजा होता, तो वाद हायकोर्टापर्यंत गेला आणि एप्रिल 2013 मध्ये मिटला. दोन हजारांवर भागधारक असलेला पोर्ट्‌समथ तेव्हा इंग्लंडमधला समर्थकांच्या मालकीचा सर्वांत मोठा क्लब झाला. त्याच महिन्यात संघ चौथ्या स्तरावर घसरला.

ऑगस्टमध्ये चौथ्या स्तरावरचा पहिला सामना घरच्या मैदानावर ऑक्सफर्डशी होता. अठरा हजारांवर लोक आले. पोर्ट्‌समथ 1-4 हरला. पुढच्या वर्षी, 2014 च्या सप्टेंबरअखेर, ट्रस्टने जुनी सगळी देणी फेडल्याचं जाहीर केलं. 6 मे 2017 रोजी शेवटच्या सामन्यात चेल्टनहॅमला 6-1 हरवून त्यांनी चौथ्या स्तराचं विजेतेपद घेतलं. हंगामभर पहिल्या क्रमांकावर नव्हते, शेवटच्या दुपारी पोचले. नंतर भागधारकांनी मतदान करून क्लब डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख मायकेल आयझ्नर यांना विकला, कारण मैदानाच्या दुरुस्तीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. पुष्कळांना तो निर्णय जड गेला. मला तो शहाणपणाचा वाटतो. आपलं बळ कुठवर पुरतं हे त्यांनी वेळेवर ओळखलं, आणि विकला तो कर्ज नसलेला क्लब विकला.

आता तुमचं. सवय असती तर मायदेशी आल्यावर वर्षभरात सुटली असती. हातात रिमोट आहे आणि शनिवारी दहा सामने समोर आहेत, तरी तुम्ही कानात पोर्ट्‌समथ लावता, ते तुम्ही त्या माणसांमध्ये उभे राहिलात म्हणून. ‘मिळतं काय’ या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण द्यायचंच असेल तर त्यांना ती ऑक्सफर्डची मॅच सांगा. चौथ्या स्तरावर, 1-4 हरताना, अठरा हजार.

एक मात्र मनापासून सांगते. निष्ठा म्हणजे गप्प राहून सगळं सोसणं असा अर्थ आपल्याकडे फार लवकर लावला जातो. 2008 मध्ये कप मिरवताना पैसा येतो कुठून हे विचारणारे थोडेच होते. पुढे क्लब वाचला तो हिशेब मागणाऱ्यांमुळे, निवेदनं देणाऱ्यांमुळे, कोर्टात जाऊन बसणाऱ्यांमुळे. तो ट्रस्ट समर्थकांची संघटना म्हणून आजही काम करतो. तुम्ही त्याचे सभासद नसाल तर व्हा. क्लबाचे निर्णय वाचा, पटलं नाही तर लिहा. वाकडमधून करण्यासारखं एवढं नक्की आहे. आणि जेवणाचं म्हणाल, तर साडेआठच्या आत सगळ्यांबरोबर जेवून घ्या. घरच्यांना तुमच्या क्लबाचा राग येऊ देऊ नका.


प्रश्न : मॅडम, तुम्ही इंग्लंडच्या क्लबांबद्दल नेहमी लिहिता. आमच्या पुण्याचं काय? मी पुणे एफसीपासून बालेवाडीला जातोय. ते 2015 ला बंद झालं. मग एफसी पुणे सिटीला धरलं, ते 2019 मध्ये गेलं. मधल्या काळात भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स आले नि गेले. कपाटात वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी पडून आहेत. संघ हरला तरी मी जात होतो, पण संघच नसेल तर निष्ठा ठेवायची कुणाशी? मित्र म्हणतात मुंबई सिटी नाहीतर गोवा धर.
— एक वाचक, निगडी

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. हरणाऱ्या संघामागे उभं राहणं अवघड असतं, पण शनिवारनंतर पुढचा शनिवार येतो. तुमच्याकडून तोही काढून घेतला गेला.

बालेवाडीच्या त्या स्टँडात मीही बसले आहे. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांबवर दिसायचे. संकुल बांधलं ते 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी, फुटबॉलसाठी म्हणून नव्हे. सामना संपला की बाहेर बसची वाट बघत उभं राहायचं. तरी माणसं येत होती. डेरिक परेरांच्या हाताखाली पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरं आलं, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. 2018 च्या मार्चमध्ये पुणे सिटी आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, उपांत्य फेरीत पोचलं. बालेवाडीत बंगळुरूला 0-0 रोखलं आणि तिकडे जाऊन छेत्रीच्या हॅटट्रिकपुढे 1-3 हरलं. म्हणजे पुण्यात फुटबॉल चालत नाही असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

चूक क्लबाच्या घडणीत होती. आय-लीगमध्ये टीव्हीचा पैसा जवळपास नव्हता, गेटवर फारसं जमत नव्हतं. वर्षाचा सगळा खर्च एका उद्योगसमूहाने करायचा. त्याने हात आखडता घेतला की दुसऱ्या दिवशी क्लब संपला. आयएसएलमध्ये तर फ्रँचायझी. जागा मालकाची, गावाची नव्हे. पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि त्यांनी 2021-22 चं विजेतेपदही मिळवलं. पुढे तिथेही पैशांची ओढाताण झाली आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीला गेला. आधी तुमची, नंतर हैदराबादकरांची, दोन्ही गावांच्या प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडेच ठेवावं लागतं, असा नियमच आहे. आपल्याकडे प्रेक्षक म्हणजे फक्त तिकीट घेणारा.

लंडनच्या विम्बल्डन भागातले लोक यातूनच गेले. त्यांचा क्लब 2003 मध्ये मिल्टन कीन्स नावाच्या दुसऱ्याच शहरात हलवला गेला. तशी परवानगी मिळाल्यावर, 2002 मध्येच, समर्थकांनी नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. तिथल्या मोकळ्या माळावर खेळाडूंची चाचणी घेतली, नवव्या स्तरावरून सुरुवात केली. 2011 मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि 2020 मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेनवर, नव्या मैदानात परत आले. अठरा वर्षं लागली.

आणि लांब कशाला जायचं, मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तालमींची आणि मंडळांची आहेत. तालीम कुणा एकाची नसते. पेठेतली माणसं वर्गणी काढतात, तीच गणपती बसवतात, तीच शिवजयंती करतात, तीच संघ उतरवतात. शाहू स्टेडियमवर काटाकिर्र सामना असला की आजही दुपारी पेठा ओस पडतात. संघाने मार खाल्ला म्हणून कुणी दुसऱ्या पेठेचा होत नाही. आमच्या घरात तर हे कुणी शिकवावंही लागलं नाही. वडील सामना हरून आले की रात्री जेवताना बोलत नसत आणि पुढच्या सामन्याला सगळ्यांच्या आधी निघत. तिथलं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. ईर्षेपायी हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात, आणि त्याची मला लाज वाटते. पण मालक निघून गेला म्हणून तालीम बंद पडली, असं होत नाही. पोर्ट्‌समथच्या लोकांनी हजार पौंड घालून जे मिळवलं, ते कोल्हापूरच्या पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोठ्या लीगवाल्यांनी ते कधी नीट पाहिलंच नाही.

मुंबई सिटी किंवा गोवा बघा, आनंदाने बघा. त्यात कसला द्रोह नाही. पण तुम्हाला हवं आहे ते टीव्हीवर मिळणार नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग चालू असते. तिथे जुने क्लब आहेत, वरच्या आणि खालच्या गटांतले. काठावर मोजकी माणसं असतात. बहुतेक खेळणाऱ्यांचे आईवडील. एखादा क्लब निवडा, दोन-तीन सामने बघा, मग सचिवाला गाठून विचारा की काय कमी आहे. बहुधा उत्तर साधं असेल. चेंडू, मुलांना ने-आण करायला गाडी, सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसणारं कुणीतरी. बालेवाडीला जे तुमच्याबरोबर होते त्यांतल्या चार-पाच जणांना घेऊन जा.

आणि पुण्यात उद्या पुन्हा मोठा संघ आला, पुन्हा ढोल वाजले, तर पहिल्याच दिवशी तिघाचौघांनी मिळून लेखी विचारा : नाव आणि रंग कुणाच्या मालकीचे? मुलांचे संघ कुठे खेळणार? तुम्ही सोडून गेलात तर क्लबाचं काय होणार? पुणे एफसीचा वरिष्ठ संघ बंद झाला तरी त्यांची अकादमी राहिली होती, ती पुढे पुणे सिटीने घेतली. म्हणजे मुलांचा संघ असेल तर पडझडीनंतरही काहीतरी शिल्लक राहतं. उत्तर मिळालं नाही तर जर्सी विकत घेण्याची घाई करू नका.


प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा वडिलांमुळे मँचेस्टर युनायटेडचा आहे. वर्गात सगळे चिडवतात. आता तो म्हणतो, मी मँचेस्टर सिटीचा होणार. त्याचे बाबा खरोखर दुखावलेत, दोन दिवस घरात तणाव आहे. कुणाची समजूत काढू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाबांची. युनायटेड 2024-25 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पंधरावं आलं आणि युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून हरलं. बाबांकडे जुन्या विजयांच्या आठवणी आहेत, त्यावर त्यांचे हे दिवस निघतात. मुलाने त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. त्याने फक्त हरणं आणि वर्गातली चिडवाचिडवी पाहिली आहे. बारा वर्षांच्या मुलाकडून बापाच्या आठवणींवर निष्ठा मागणं बरोबर नाही.

मुलाला मात्र सिटीचा एक सामना पाहायला सांगा. 30 मे 1999, वेम्बली. तेव्हा सिटी तिसऱ्या स्तरावर होतं, वर जाण्यासाठी जिलिंगहॅमशी खेळत होतं आणि नव्वदाव्या मिनिटाला 0-2 मागे होतं. पुष्कळ समर्थक उठून बाहेर निघाले होते. मग एक गोल झाला, आणि भरपाईच्या पाचव्या मिनिटाला पॉल डिकॉव्हने दुसरा केला. सामना पेनल्टी शूटआउटवर सिटीने जिंकला. त्या वर्षी तिसऱ्या स्तरावरही सिटीच्या घरच्या सामन्यांना सरासरी अठ्ठावीस हजार लोक येत होते. त्याच शहरात त्याच आठवड्यात युनायटेडने तीन विजेतेपदं पूर्ण केली होती, म्हणजे तेव्हा शाळेत चिडवले जायचे ते सिटीचे.

तो सामना बापलेकांनी शेजारी बसून पाहावा. त्यानंतरही त्याला सिटीच हवं असेल तर घेऊ द्या, आणि त्याची जर्सी बाबांनीच आणून द्यावी.